वाकडा भाला चालेल, बुजलेला चेहरा नको

दिवाळीच्या किल्ल्यासाठी गुलमंडीतून आणलेला मावळा असो की टेबलावरच्या युद्धखेळासाठी मागवलेला राक्षस, स्वस्त मऊ प्लास्टिकचं पाकीट फोडलं की आपण आधी वाकडा भाला बघून नाक मुरडतो. भाला सरळ करता येतो. आधी चेहरा बघा.

मूर्ती उजेडात धरा आणि मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने मारा. पांढरं प्लास्टिक फार फसवं असतं, समोरून सगळं गुळगुळीत दिसतं. डोळ्यांच्या खाचा, बोटं, कपड्यांच्या चुण्या यांची सावली पडली पाहिजे. शेवटी गडद पातळ रंग त्या खाचांतच उतरतो. खाचच नसेल तर तुम्ही कितीही चांगले रंगारी असा, चेहरा चपातीसारखा सपाटच राहणार.

मग साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली रेघ शोधा. ती खांद्यावरून, पायावरून गेली असेल तर नव्या ब्लेडने हलक्या हाताने काढा. कानस लावू नका, मऊ प्लास्टिकला लव उठते. शिवण नाकावरून गेली असेल तर मी ती मूर्ती बाजूलाच ठेवतो.

आता प्लास्टिक कोणतं ते. तळाचा बारीकसा तुकडा कापून पाण्यात बुडवा, बुडबुडे बोटाने पुसा. तरंगला तर बहुधा पॉलिथिन. त्यावर रंग टिकत नाही, साधा गोंदही धरत नाही. पीव्हीसी बुडतं आणि फेव्हिक्विकने चिकटतं. रीपर कंपनीच्या ‘बोन्स’ मूर्तींसारखा लवचिक माल याच जातीचा.

मापही ताडून घ्या. १/७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचा माणूस जेमतेम २४-२५ मिलिमीटर भरतो, २८ मिलिमीटरवाल्यांशेजारी तो पोरगेला दिसतो.

वाकलेल्यांसाठी उकळतं पाणी गॅसवरून उतरवा, मूर्ती चिमट्याने अर्धा मिनिट बुडवा, सरळ करा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. आपल्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी त्याला पुरत नाही. परभणीला लग्नाला गेलो तेव्हा भालाइतांचा डबा गाडीत काचेखाली राहिला. संध्याकाळी सगळे नमस्काराला वाकलेले! घरी येऊन सगळे उकळले. दोन सोडून बाकीचे ताठ झाले.

रंगाआधी भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासा, कारण साच्यातलं तेलकट अंगावर राहिलेलं असतं. स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा फवारायचा अस्तर-थर, जपून वापरा. काही प्रायमर पीव्हीसीवर आठवडे उलटले तरी चिकचिकच करतात. कुंचल्याने लावायचा अ‍ॅक्रेलिक बरा, पण पहिल्या हाताला पाणी कमी घाला, नाहीतर रंगाचे थेंब होऊन घरंगळतात. आधी तळाला खालून रंगाचं एक बोट लावा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी नखाने खरवडा. साल निघाली तर ते पाकीट पोरांना खेळायला देऊन टाका.