लेपर्ड गेकोची अंडी आणि परभणीचा मे महिना : या चुका टाळा

पहिला लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, घरी आणला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "घरातल्या पाली हाकलता हाकलता हात दुखायलेत माझे, आन् तू इकत आणायलास व्हय?" मी सांगितलं, ही भिंतीवर चढत नाही. खरंच चढत नाही. आपल्या घरातल्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या हिच्या बोटांना नसतात. पापण्या मात्र असतात, त्यामुळे डोळे मिटून झोपते. शेपटीत चरबी साठवते. मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला कोरडा, खडकाळ. मग मराठवाड्यात हिला काय अवघड, असं मला वाटलं आणि पहिल्या दोन वर्षांतल्या बहुतेक चुका त्याच एका समजुतीतून झाल्या.

कोरड्या मुलखातला हा जीव दुपारी दगडाखालच्या गार कपारीत पडून असतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. काचेच्या पेटीत ती कपार आपल्यालाच करून द्यावी लागते. शिवाय गेको पाळण्याची जी माहिती सहज मिळते ती थंड देशांतल्या माणसांनी लिहिलेली: हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) लावा, दिवा लावा, ऊब द्या. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे म्हणायला छान आहे, पण जर्मनीतल्या माणसाचा गेको हिवाळ्यात गारठतो आणि परभणीतला उन्हाळ्यात भाजतो.

ऊब भरपूर आहे, गारवा द्या

गेकोला पेटीच्या एका टोकाला गरम जमीन लागते, साधारण ३१ ते ३३ अंश, आणि दुसऱ्या टोकाला गार, २५ ते २७. दोन्हीकडे लपायला जागा हवी. मे महिन्यात पंख्याखालची खोलीच ३७-३८ ला गेली की गार टोक उरतच नाही. गेको तोंड उघडून पडलाय, पाण्याच्या वाटीत जाऊन बसलाय, दिवसाढवळ्या काच खरवडतोय, असं दिसलं तर तो खेळत नाहीये, त्याला सुटका हवीय. लगेच गार फरशीवर घ्या, अंगावर कोमट पाण्याचा ओला रुमाल ठेवा. बर्फ लावू नका.

माझा उपाय स्वस्त आहे. पेटीच्या तळाशी शहाबादी फरशीचे तुकडे घातले. बांधकामावर उरलेले फुकट मिळतात. पेटी गच्चीखालच्या खोलीतून तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत आणली. कूलर असेल तर त्याचा झोत थेट पेटीवर सोडू नका, खोली गार झाली की पुरे. मार्चपासून हीट मॅटचा प्लग काढून ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा एक आकड्यावर येतो तेव्हा ती परत लागते, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, कधीच नाही. नुसती मॅट पोट भाजते. काचेला चिकटवायचा तबकडीचा थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो, तेही अंदाजे. गेको पोट टेकतो जमिनीला, म्हणून डिजिटल थर्मामीटरचा प्रोब (वायरीच्या टोकाचा सेन्सर) फरशीवर ठेवा.

कोंबडीच्या अंड्यांचं मशीन

ही माझी सगळ्यात महाग चूक. मादीनं पहिली दोन अंडी घातली. एका वेळी दोनच घालतात, पांढरी, चामड्यासारख्या मऊ कवचाची. चुलत भावाकडे कोंबडीची अंडी उबवायचं मशीन होतं, एक कप्पा रिकामा होता. मशीनवर आकडा दिसत होता ३७.५. तिथेच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. शिवाय ते मशीन दर काही तासांनी अंडी फिरवायचं, कोंबडीला ते लागतंच. चौथ्या दिवशी दोन्ही अंडी पिवळट आणि आठव्या दिवशी वास.

दोन चुका एकदम झाल्या होत्या. गेकोच्या अंड्याला ३५ च्या वर तापमान गेलं की गर्भ मरतो. आणि ही अंडी फिरवायची नसतात. गर्भ एका दिवसाच्या आत वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटतो, अंडं उलटलं की तो दबतो. म्हणून काढताना जे वर आहे तेच वर ठेवायचं आणि पेन्सिलीनं वरच्या बाजूला हलकी खूण करायची. पेन नको, शाई आत झिरपते.

तापमानाची दुसरी गंमतही आहे. लेपर्ड गेकोत नर की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. २६-२७ अंशांना जवळपास सगळ्या माद्या, ३२ च्या आसपास बहुतेक नर, आणि ३४-३५ ला पुन्हा बहुतेक माद्या. या उष्ण माद्या तापट निघतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. २८ अंशांना पिल्लू यायला साधारण दोन महिने लागतात, ३२ ला दीड महिन्याच्या आत-बाहेर.

आता मराठवाड्याची अडचण. थर्मोकोलचा डबा, बल्ब आणि थर्मोस्टॅट अशी घरगुती पेटी २८ वर लावली, पण खोली ३८ ला आहे. थर्मोस्टॅट बल्ब बंद करेल, डबा थंड कसा करेल? उन्हाळ्यात तुमचा इन्क्युबेटर म्हणजे नुसता डबा. बर्फाच्या बाटल्या आत-बाहेर करणारे मी पाहिलेत. तापमान झोके खातं आणि अंडी जातात. माझ्याकडे आता एक जुना छोटा फ्रिज आहे. थंड करणं आणि गरम करणं दोन्ही सांभाळणारा कंट्रोलर त्याला लावलाय. आत पाण्याच्या भरलेल्या चार बाटल्या कायम असतात, त्यामुळे वीज गेली तरी तापमान सावकाश सरकतं. हे जमत नसेल तर वेळ साधा. जोडी लावण्याआधी गेकोला जो गारवा लागतो तो आपला हिवाळा आपोआप देतो. जानेवारीच्या शेवटी जोडी लावली तर फेब्रुवारीची आणि मार्चच्या सुरुवातीची अंडी मे तापायच्या आत फुटतात. फक्त एक लक्षात घ्या, मादी वीर्य साठवून ठेवते. नर बाजूला केला तरी दोन ते चार आठवड्यांनी पुढची दोन अंडी येतच राहतात. फ्रिज येईपर्यंत मी एप्रिल-मेची अंडी उबवत नव्हतो. तसंही बारा पिल्लांना चांगली घरं शोधायची म्हणजे मारामार.

अंड्याला खळगा पडला

उबवायला नर्सरीत मिळणारं व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) घ्या. त्याच्या वजनाइतकं पाणी घाला, थोडं कमी चालेल. मुठीत दाबलं तर थेंब गळता कामा नये. सुरुवातीला किंवा मध्येच खळगा पडला तर कोरडं झालंय, पाणी कडेनं सोडा, अंड्यावर नाही. चार-सहा दिवसांनी अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून पाहा. गुलाबी-लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसतं पिवळं आणि वर बुरशी आली तर बहुतेक फोल. शेवटच्या दिवसांत मात्र अंड्याला घाम सुटतो आणि ते जरा बसतं. ते पिल्लू बाहेर यायची तयारी. मी एकदा घाबरून तेव्हा पाणी ओतलं होतं, डबा चिखल झाला.

माती, वाळू, किडे

गोदावरीची वाळू कितीही सुंदर दिसली तरी तळाला नको. घासासोबत पोटात जाते आणि आतडं तुंबतं. काळी माती त्याहून वाईट, ओली झाली की फुगते. फरशी किंवा टिश्यू पेपर पुरेसा.

शेतातले नाकतोडे आणि रातकिडे फुकट मिळतात म्हणून आणू नका. कापूस आणि सोयाबीनवर फवारणी किती होते ते मराठवाड्यात कुणाला सांगायचं? किडे घरीच वाढवा. मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) गव्हाच्या कोंड्यात आणि गाजराच्या कापांवर मजेत वाढतात. मुंग्या लागल्या तर किडेमार खडू ओढू नका, तो रातकिडेही मारतो आणि गेकोलाही धोका. आजी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची तसं करा. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

कॅल्शियमची पावडर प्रत्येक वेळी किड्यांवर भुरभुरा. एकानं मला विचारलं, पानाचा चुना पण कॅल्शियमच की? तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तोंड भाजेल. पाहिजे ते कॅल्शियम कार्बोनेट, आठवड्यातून एखाद्या वेळी डी-३ जीवनसत्त्वासकट. जबडा रबरासारखा लागला, पाय वाकले, चालताना थरथर झाली तर हाडं गेली समजा आणि डॉक्टर गाठा. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या बघतात. सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा.

बोटांवर कात अडकली तर तिचं कडं होतं आणि बोट गळून पडतं. श्रीखंडाच्या डब्याला भोक पाडून आत ओला काथ्या ठेवा, गेको आपण होऊन जातो. अंडी घालायलाही मादी तोच निवडते.

जोडी लावताना

दोन नर एकत्र म्हणजे रक्त. मादी वर्षाची आणि ४५-५० ग्रॅमची झाल्याशिवाय जोडी नाही, शेपटी जाड हवी. आणि जोडी जुळवायला रानातून गेको पकडून आणू नका. महाराष्ट्रातल्या खडकाळ माळांवर याच कुळातला, ठिपकेवाला गेको आढळतो. त्याला तिथेच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पाळायचा प्राणी घेण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा आणि खरेदीचे कागद जपून ठेवा.

पिल्लं आली की पहिले तीन-चार दिवस खात नाहीत, पोटात अंड्याचा बलक असतो. पहिली कात टाकतात, ती खातात, मग भूक लागते. तोवर किडे पुढ्यात टाकून त्रास देऊ नका. हात लावलात तर एवढंसं पिल्लू तोंड वासून किंचाळतं. आमच्याकडे पहिल्यांदा किंचाळलं तेव्हा आई झाडू घेऊन आली होती. प्रत्येकाला वेगळा डबा द्या, कारण थोरलं धाकट्याची शेपटी तोडतं. शेपटी परत येते, पण बटाट्यासारखी.