सापेक्षतेतील वस्तुमान आणि बल : या चुका टाळा

आइन्स्टाइन यांच्या विशेष सापेक्षता सिद्धांतावरील उदाहरणे चुकतात तेव्हा दोष बहुधा आकडेमोडीत नसतो. न्यूटनच्या यामिकीतील (बल व गतीच्या शास्त्रातील) शब्द जुन्याच अर्थाने वापरलेले असतात.

‘वेग वाढला की वस्तुमान वाढते’ ही त्यांतील सर्वांत चिवट समजूत. जुनी पाठ्यपुस्तके विराम वस्तुमानाला (वस्तू स्थिर असतानाच्या वस्तुमानाला) गॅमा या, वेगाबरोबर एकपासून वाढत जाणाऱ्या गुणकाने गुणून त्यास सापेक्षीय वस्तुमान म्हणत. आज वस्तुमान म्हणजे विराम वस्तुमानच, जे सर्व निरीक्षकांसाठी सारखे असते. वेगाबरोबर वाढतात ते ऊर्जा आणि संवेग (गॅमा गुणिले वस्तुमान गुणिले वेग). १९४८ मधील एका पत्रात आइन्स्टाइन यांनीही वाढत्या वस्तुमानाची कल्पना न आणणेच बरे, असे मत मांडले होते. शिवाय हे सापेक्षीय वस्तुमान न्यूटनच्या सूत्रांत घातल्याने ती सूत्रे बरोबर होत नाहीत. प्रकाशाच्या ०.८ पट वेगाला गॅमा १.६७ येतो; ‘वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन’ या सूत्रात सापेक्षीय वस्तुमान घातले, तर गतिज ऊर्जा विराम ऊर्जेच्या (वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग) ०.५३ पट निघते. खरे उत्तर गॅमा वजा एक, म्हणजे ०.६७ पट आहे.

बलाबाबतचा घोटाळा अधिक रंजक आहे. बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर, ही व्याख्या सापेक्षतेतही टिकते. टिकत नाही ते ‘बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण’ हे समीकरण. वरच्याच वेगाला गतीच्या दिशेने ठरावीक त्वरण देण्यासाठी न्यूटनच्या हिशेबापेक्षा गॅमाच्या घनाइतके, म्हणजे सुमारे ४.६ पट बल लागते, तर गतीला लंब दिशेने केवळ १.६७ पट. त्यामुळे तिरके बल लावले की त्वरण बलाच्या दिशेत राहत नाही, आणि कोणतेही एकच ‘वाढलेले वस्तुमान’ जुने समीकरण वाचवू शकत नाही. उत्तर अडले, तर आधी संवेग लिहावा आणि मगच त्याचे काळानुसार विकलन करावे, म्हणजे बदलाचा दर काढावा.

फोटॉनला (प्रकाशकणाला) वस्तुमान नाही म्हणून संवेगही शून्य धरणे चूक आहे. त्याचा संवेग म्हणजे ऊर्जा भागिले प्रकाशवेग. विरुद्ध दिशांना जाणाऱ्या दोन फोटॉनांच्या संहतीला (एकत्रित समूहाला) तर वस्तुमानही असते, कारण सापेक्षतेत घटकांच्या वस्तुमानांची नुसती बेरीज करून संहतीचे वस्तुमान मिळत नाही.

गुरुत्वाकर्षण मात्र बलाच्या या चौकटीत कोंबू नये. व्यापक सापेक्षतेत ते बल नसून अवकाशकालाची वक्रता आहे. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूवरील त्वरणमापक शून्यच दाखवतो.