तलावाचं पाणी तपासताय? किट उघडण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

शहरातल्या तलावावरून सोसायटीच्या ग्रुपवर वाद पेटला की कुणीतरी आरओ मशीनसोबत मिळालेला टीडीएसचा पेन शोधून काढतो, घाटावर वाकून पाण्यात बुडवतो आणि फोटो टाकतो. आकडा ३२०. "पाचशेच्या आत आहे, म्हणजे पाणी चांगलं आहे," असा निकालही लागून जातो.

हा निकाल चुकीचा आहे. पेन मात्र बिघडलेला नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, तिला ०.५ ते ०.७ च्या आसपासच्या एका ठरावीक गुणकाने गुणतो आणि विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतो. मैला, जंतू, साबण, कुजलेलं निर्माल्य यांतलं त्याला जवळजवळ काहीच कळत नाही. पाचशेची मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या मानकातली आहे (आयएस १०५००), आणि तीही मुख्यतः चव आणि क्षारांच्या दृष्टीने. मुंबईला धरणातून येणाऱ्या पाण्यात क्षार मुळातच फार कमी. घरात वापरून झाल्यावर त्यात लिटरमागे साधारण दोनशे ते चारशे मिलिग्रॅमची भर पडते. म्हणजे गटारातून वाहणारं पाणीसुद्धा पाचशेच्या आत बसू शकतं! हा पेन टाकून द्यावा असं नाही, त्याचा खरा उपयोग पुढे येईलच. पण 'पाणी चांगलं आहे का' हा प्रश्न त्याला विचारू नये.

मुळात 'चांगलं' कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. 'ब' वर्गात, म्हणजे उघड्यावर आंघोळीच्या पाण्यात, विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) किमान ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) जास्तीत जास्त ३ हवा, शिवाय एकूण कॉलिफॉर्म (मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे जंतू) १०० मिलिलिटरमागे ५०० च्या आत. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गात डीओ ४ चालतो, पण मुक्त अमोनियावर १.२ ची मर्यादा येते. बागेला पाणी घालायचं असेल तर निकष आणखी वेगळे. तलावात पोहणारं कुणी नसताना पोहण्याच्या निकषावर आरडाओरडा करणं जसं चूक, तसंच मासे मरत असताना 'बागेला चालेल' म्हणणंही चूक.

सोयीची वेळ निवडणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. स्वयंसेवक रविवारी नाश्ता करून अकराला जमतात, कॉलेजची मुलं प्रॅक्टिकल संपवून तीनला येतात. शेवाळाने हिरव्या झालेल्या तलावात या दोन्ही वेळा पाण्याचं रूप सर्वात देखणं असतं. शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. रात्री ऑक्सिजन सोडणं थांबतं आणि सगळेच तो वापरू लागतात: शेवाळ, मासे, तळाच्या गाळातले जंतू. सूर्योदयाच्या थोडं आधी डीओ तळ गाठतो. तोच तलाव दुपारी तीनला १३ दाखवेल आणि पहाटे साडेपाचला २ च्या खाली असेल.

तीस अंश तापमानाला समुद्रसपाटीवर पाण्यात हवेतून मावतो तो ऑक्सिजन साधारण साडेसात मिलिग्रॅम, आणि पुण्याच्या उंचीवर सातच्या आसपास. त्यामुळे पाषाण किंवा कात्रजच्या तलावात दुपारी १२ आला तर पाणी फार निरोगी आहे असं समजू नका. शेवाळ माजलंय, एवढाच त्याचा अर्थ. पीएचचंही (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते सांगणारा आकडा) तसंच. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की दुपारी पीएच नऊच्या वर जातो आणि लोक कुठल्या कारखान्याने रसायन सोडलं ते शोधत बसतात.

म्हणून डीओ आणि पीएच शक्यतो दोनदा मोजा, एकदा उजाडण्याआधी आणि एकदा दुपारी. दोन्हींतलं अंतर जितकं मोठं तितका तलाव पोषकद्रव्यांनी (नायट्रेट, फॉस्फेट असं शेवाळाचं खत) तुंबलेला. एकदाच जमणार असेल तर पहाट निवडा. (पालिकेच्या उद्यानातला तलाव असेल तर रखवालदाराशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. पहाटे बाटल्या घेऊन फाटकावरून चढणारा माणूस कुणालाच शास्त्रज्ञ वाटत नाही.) आणि रोज वेगवेगळ्या वेळी मोजलेले आकडे एका आलेखात जोडू नका. तो आलेख तलावाचा नसतो, तुमच्या वेळापत्रकाचा असतो.

सोयीची जागा निवडणं

काठावरचं पाणी काठापुरतंच खरं. घाटापाशी निर्माल्य, ब्रेडचे तुकडे, कपडे धुतलेला साबण असतो, वाऱ्याने ढकललेला शेवाळाचा थरही तिथेच साचतो. याउलट कारंज्याजवळ किंवा एअरेटरपाशी (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नमुना घेतला की डीओ हमखास छान येतो. ठाण्याच्या मासुंद्यासारख्या मध्यवस्तीतल्या तलावात या दोन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर सापडतात.

किमान तीन ठिकाणं पक्की करा: नाला जिथे येऊन मिळतो ती, पाणी बाहेर पडतं ती, आणि मधली, होडीतून किंवा एखाद्या पुढे आलेल्या धक्क्यावरून. दर वेळी तीच ठिकाणं. वरचा तवंग बाटलीत घेऊ नका, एक वीतभर ते फूटभर खाली जा. तळाला काठी लागून गाळ ढवळला गेला तर तो नमुना ओतून द्या आणि दोन पावलं सरकून नवीन घ्या.

टीडीएसच्या पेनाचं काम इथे आहे. काठाकाठाने चालत दर वीस-पंचवीस पावलांवर तो बुडवत जा. सगळीकडे २८०-२९० येत असताना एका कोपऱ्यात अचानक ४५० आला, तर तिथे काहीतरी मिसळतंय. बहुतेक वेळा झुडपाआड किंवा पाण्याखाली सांडपाण्याचा एखादा पाइप असतो. पेनाचा नुसता आकडा कामाचा नाही, दोन ठिकाणच्या आकड्यांमधला फरक फार कामाचा.

हाताला लागेल ती बाटली

कोल्ड्रिंकच्या बाटलीत राहिलेली किंचित साखर बीओडी वाढवते. भांड्यांच्या पावडरीने किंवा डिटर्जंटने धुतलेल्या बाटलीतून फॉस्फेट येऊ शकतं, आणि मग तलावाऐवजी तुमच्या मोरीचा अहवाल हाती पडतो. रासायनिक तपासण्यांसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते, फक्त ती तलावाच्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्या.

जंतूंच्या तपासणीला नियम उलटा. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही आणि ती काठोकाठ भरायचीही नाही, हलवता यावी म्हणून वर थोडी जागा सोडायची. डीओच्या बाटलीत मात्र हवेचा एक बुडबुडाही नको. ती पाण्यात तिरकी धरून सावकाश भरा आणि पाण्याखालीच बूच लावा. विंकलर पद्धत (रसायनं घालून डीओ काढायची) वापरणार असाल तर मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अ‍ॅझाइड तिथल्या तिथे, काठावरच घाला. बाटलीभर पाणी रिक्षातून हिंदकळत प्रयोगशाळेत नेऊन डीओ काढण्याला काहीच अर्थ नाही. रसायनं घातल्यावर तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. उत्तराचा अर्धा भाग तिथेच डोळ्यांना दिसतो.

बीओडी आणि कॉलिफॉर्मचे नमुने बर्फाच्या डब्यात, अंधारात ठेवा आणि त्याच दिवशी, काही तासांच्या आत पोहोचवा. शनिवारी संध्याकाळी घेतलेला नमुना घरच्या फ्रीजमध्ये ठेवून सोमवारी नेलात तर तो नमुना राहत नाही. शिवाय घरात भांडण होतं ते वेगळंच.

पट्ट्या, पेन आणि रंग

ऑनलाइन मिळणाऱ्या 'सोळा तपासण्या एकात' छापाच्या पट्ट्या बऱ्याचदा पोहण्याचे टँक किंवा नळाचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या दमट हवेत डबी दोनदा उघडी राहिली की त्यांचे रंग बिघडतात. माशांच्या दुकानातलं थेंबांचं किट जास्त भरवशाचं, पण त्यातही वेळ पाळावी लागते. पाच मिनिटं लिहिलं असेल तर पाचच. रंग सावलीतल्या दिवसाच्या उजेडात जुळवा, पिवळ्या बल्बखाली नको. आणि पाणी मुळातच हिरवं असेल तर ते आधी गाळून घ्या. शिवाय रसायन न घातलेल्या त्याच पाण्याची नळी शेजारी धरा, नाहीतर शेवाळाचा हिरवा तुम्ही अमोनियाचा हिरवा समजाल.

पीएचचा पेन डबीतून काढून थेट वापरू नये. सोबतच्या पुड्यांतून (४.०१, ६.८६, ९.१८) द्रावणं करून त्या दिवशी त्याचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे त्या द्रावणांशी आकडा जुळवून घ्या. काम झाल्यावर टोक कोरडं पडू देऊ नका, डिस्टिल्ड वॉटरमध्येही बुडवून ठेवू नका. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण मिळतं.

एकक न वाचणं

नायट्रेट ४५ (सगळ्या नायट्रेटचं वजन) आणि नायट्रेट-नायट्रोजन १० (त्यातल्या फक्त नायट्रोजनचं) ही जवळपास एकच गोष्ट आहे. एका अहवालात पहिलं आणि दुसऱ्यात दुसरं असेल, तर तलाव वर्षभरात साडेचार पट सुधारल्याची बातमी होते. फॉस्फेट आणि फॉस्फरसमध्ये असाच तिप्पट फरक आहे.

अमोनियाचं प्रकरण याहून नाजूक. किट एकूण अमोनिया दाखवतं, माशांना मारतो तो त्यातला मुक्त अमोनिया. पंचवीस अंशांना पीएच ७ असताना एकूणपैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, पीएच ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. म्हणून त्याच वेळचा पीएच आणि तापमान नोंदवलं नसेल तर अमोनियाचा आकडा अर्धवटच.

आकडा विचित्र आला तर

तलाव हिरवागार, पण नायट्रेट शून्य. किट खराब असेलच असं नाही. सगळं नायट्रेट शेवाळाने आधीच खाऊन टाकलेलं असतं. अशा वेळी नाल्याच्या तोंडाशी मोजा आणि प्रयोगशाळेकडून एकूण नायट्रोजन, एकूण फॉस्फरस मागा.

पाण्याला वास येतोय, पण बीओडी ६ किंवा ७. नमुना पुरेसा पातळ केला होता का, ते विचारा. बाटलीतला सगळा ऑक्सिजन आधीच संपला तर आकडा तिथेच अडकतो. तपासणीच्या शेवटी बाटलीत किमान १ मिलिग्रॅम डीओ उरायला हवा. आणखी एक बघा: आपल्याकडे बीओडी २७ अंशांना ३ दिवस ठेवून काढतात, परदेशी लेखांत २० अंशांना ५ दिवस. तुलना करताना हे तपासून घ्या.

कॉलिफॉर्म दर महिन्याला नेमकं १६००. तलाव इतका शिस्तीचा नसतो. पंधरा नळ्यांच्या नेहमीच्या पद्धतीत किती नळ्यांत जंतू वाढले ते मोजून तक्त्यातून आकडा काढतात, आणि तो तक्ता १६०० लाच संपतो. सगळ्या नळ्या पॉझिटिव्ह आल्या की उत्तर '१६०० पेक्षा जास्त' असतं आणि टायपिंग करताना ते 'पेक्षा जास्त' गळून पडतं. खरा आकडा लाखात असू शकतो, नमुना आणखी पातळ करून करायला सांगा. मैल्याचे जंतू असले की काळी पडणारी एच-टू-एस बाटली शहरी तलावाला वापरण्यात हशील नाही. ती विहिरी-हँडपंपासाठी ठीक, इथे ती काळी पडणारच.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर. काठीवर तंतू लोंबले तर साधं शेवाळ. काठी नुसती रंगली तर निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता धरा. बरणीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा थर वर तरंगून कडेला कडं धरलं तर संशय पक्का होतो. यातल्या काही जाती विष तयार करतात, म्हणून कुत्र्यांना आणि गुरांना ते पाणी पिऊ देऊ नका.

गणपती विसर्जनानंतरचा अहवाल 'ठीक' आला. कधीचा नमुना? केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विसर्जनाआधी, विसर्जनादरम्यान आणि नंतर असे तिन्ही वेळचे नमुने हवेत, नाहीतर तुलनाच होत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसमुळे कॅल्शियम, सल्फेट आणि काठिण्य वाढतं, ते पाण्यात दिसतं. रंगांतले जड धातू मात्र बरेचसे गाळात जाऊन बसतात. ते शोधायचे तर गाळाचाच नमुना द्यावा लागेल.

मासे मेले, पण डीओ ६. तुम्ही अकरा वाजता मोजलंत, मासे पहाटे मेले. पावसाळ्यात दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिलं किंवा पहिल्या मोठ्या पावसाने रस्त्यांची घाण एकदम तलावात आली की असं होतं. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाआधी जा. उरलेले मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर कारण बहुधा ऑक्सिजनच. मोठे मासे आधी मेले असतील तरी संशय तिकडेच जातो. लहान-मोठे सगळे, बेडूक-गोगलगायींसकट, भर दुपारी मेले असतील तर विषारी पदार्थाचा विचार करा. पाणी आणि ताजे मेलेले मासे दोन्ही बर्फात ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवा. दोन दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात बहुधा काही सापडत नाही.

या सगळ्यात स्वतःकडे दुर्लक्ष करू नका. पवईच्या तलावात मगरी आहेत, तिथे काठावर बसून बाटली बुडवण्याचं धाडस नको, लांब दांड्याला बाटली बांधा. मगर नसलेल्या तलावांतही लेप्टो (उंदीर-गुरांच्या लघवीतून पाण्यात येणारा जंतुसंसर्ग) आहेच. हातापायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, हातमोजे आणि गमबूट घाला. नंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला तर तलावाच्या पाण्याशी संबंध आला होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.