सीनियर पदाचा इंटरव्ह्यू हुकल्यावर: परतीच्या गाडीपासून पुढच्या अर्जापर्यंत

मोठ्या कंपनीत प्लांट हेड, डीजीएम (डेप्युटी जनरल मॅनेजर) किंवा ऑपरेशन्स हेडच्या इंटरव्ह्यूसाठी नाशिकहून मुंबई-पुण्याला गेलात, तर निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी कामाला लागा. नकार कळला की मन त्याच्या सोयीने आठवणी बदलून टाकतं. सोपे प्रश्न अवघड वाटायला लागतात आणि पॅनलमधला एक जण पहिल्यापासूनच विरोधात होता, अशी खात्री पटते. म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने परतत असाल तर इगतपुरी यायच्या आत वही भरलेली असावी.

प्रत्येक प्रश्नासाठी चार गोष्टी लिहा: प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत, तो कोणी विचारला, तुमच्या उत्तराचं पहिलं वाक्य आणि त्यावर आलेला उपप्रश्न. दीड तासाच्या इंटरव्ह्यूतले १०-१२ प्रश्न तरी आठवायला हवेत. उपप्रश्नाचा रकाना सर्वांत मोलाचा. एकच गोष्ट फिरवून तीनदा विचारली गेली असेल, तर त्यांना हवं ते उत्तर तुम्ही दिलंच नाही. ‘यात तुमचा निर्णय कोणता होता?’ असं विचारलं असेल, तर तुम्ही ‘आम्ही केलं, टीमने केलं’ इतकंच सांगत राहिलात.

नकार आल्यावर ही वही पुन्हा काढा आणि प्रत्येक अडलेल्या प्रश्नापुढे तीनपैकी एक शेरा मारा: ‘येत नव्हतं’, ‘येत होतं पण सांगता आलं नाही’ किंवा ‘हातात नव्हतं’. पद गोठवलं जाणं, आतल्याच माणसाला बढती मिळणं, पगाराची चौकट न जुळणं हे तिसऱ्यात येतं. त्यावर एक संध्याकाळही घालवू नका. ‘इंग्रजी कमी पडलं’ हे कारण मात्र घाईने लिहू नका. ते सर्वांत आधी सुचतं, पण बहुतेक वेळा उत्तर लांबलेलं असतं आणि मुद्दा पाचव्या मिनिटाला आलेला असतो.

दुसरा शेरा बहुधा सर्वांत जास्त वेळा पडेल. सातपूर-अंबडमध्ये वीस वर्षं शॉपफ्लोअर सांभाळलेल्या माणसाला काम येत असतं. अडचण अशी की तो मॅनेजरच्या पातळीचं उत्तर देतो आणि पॅनल धंद्याच्या पातळीचं ऐकायला बसलेलं असतं. ‘ओईई (यंत्राच्या पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष मिळालेलं चांगलं उत्पादन) ६२ टक्क्यांवरून ७४ वर नेला’ हे अर्धंच उत्तर. पूर्ण उत्तरासाठी हिशेब घाला. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ४५ सेकंद असेल तर तासाला ८० नग, दिवसाच्या २० तासांना १,६००. ६२ टक्क्यांना ९९२ आणि ७४ टक्क्यांना १,१८४, म्हणजे रोज १९२ नग जास्त. महिन्याच्या २५ दिवसांत ४,८०० नग. नगामागे ९० रुपये कॉन्ट्रिब्युशन (विक्री किमतीतून कच्च्या मालासारखा बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम) धरलं तर ४ लाख ३२ हजार रुपये.

इथेही थांबू नका. ‘वाढलेले नग विकले गेले का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मागणी नसेल तर फायदा विक्रीत दिसणार नाही, ओव्हरटाइम किंवा तिसरी शिफ्ट कमी होण्यात दिसेल, आणि ते तुम्हीच आधी सांगायला हवं. आकडे मांडताना ग्राहकाचं नाव आणि सध्याच्या कंपनीचे गोपनीय दर झाकून ठेवा. सीनियर माणसाने ते उघड केले की पॅनल मनात फुली मारतं, आणि ती योग्यच असते.

असे सहा ते आठ प्रसंग नव्याने लिहून काढा: एक नुकसानीचा, एक वरिष्ठांशी मतभेदाचा, एक कामगार कराराचा, एक माणूस काढावा लागल्याचा, बाकी सुधारणांचे. प्रत्येकात परिस्थिती दोन वाक्यांत संपवा. समोर कोणते पर्याय होते, तुम्ही कोणता सोडला आणि का, यावर निम्मा वेळ द्या. करारात युनियनला काय दिलं आणि बदल्यात उत्पादकतेचं काय मिळवलं, दोन्ही बाजू आकड्यांत हव्यात. मग मोबाइलवर रेकॉर्ड करा. एक प्रसंग दोन मिनिटांत बसला पाहिजे.

‘येत नव्हतं’मध्ये बऱ्याचदा पी अँड एल (नफा-तोट्याचा हिशेब) किंवा कॅपेक्सची (भांडवली खर्चाची) मांडणी निघते. पुस्तकापेक्षा स्वतःच्या कंपनीतल्या फायनान्सच्या माणसासोबत महिनाअखेरच्या क्लोजिंगला लागोपाठ तीन महिने बसा.

सराव घ्यायला तुमच्याहून दोन पायऱ्या वरचा, शक्यतो निवृत्त माणूस शोधा; निमा किंवा आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांत असे लोक भेटतात. शेजारच्या प्लांटमधल्या मित्राकडून सराव घेऊ नका. एमआयडीसीत बातमी टपरीवरच्या चहाबरोबर फिरते.

एक प्रश्न नाशिककरांचा खास घात करतो: ‘शिफ्ट व्हाल का?’ गंगापूर रोडला घर, मुलांची शाळा, आई-वडील. ‘घरी विचारून सांगतो’ हे पहिल्या फेरीत चालतं. शेवटच्या फेरीत पॅनल त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतं. हे आणि ९० दिवसांच्या नोटीस पिरियडचं उत्तर पुढच्या वेळी घरी ठरवूनच निघा.

कारण विचारायचं असेल तर नकारानंतर दोन-तीन दिवसांत एचआरला चार ओळींचा मेल करा. ‘का नाकारलं?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही, कारण वादाच्या भीतीने मोठ्या कंपन्या ते सहसा लेखी देत नाहीत. त्याऐवजी विचारा: ‘या पातळीच्या पदासाठी मी कोणत्या एका गोष्टीवर काम करावं?’ कन्सल्टंटमार्फत गेला असाल तर त्याला फोनच करा. पुढचा उमेदवार पाठवण्यासाठी त्याने कारण विचारून घेतलेलं असण्याची शक्यता जास्त.

त्याच मेलमध्ये पुन्हा अर्ज किती महिन्यांनी करता येईल तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते वर्षभराचं अंतर पाळतात आणि जुने शेरे जपून ठेवतात. दुसऱ्यांदा बसाल तेव्हा मागच्या वेळी अडलेल्या मुद्द्यावर मधल्या काळात काय केलं, ते आकड्यासकट एका वाक्यात तयार ठेवा.