गरोदरपणातील लघवीचा संसर्ग: या चुका टाळा

गरोदर बाईला लघवीची जळजळ झाली की घरात ‘उन्हाळे लागले’ असे निदान होते आणि धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते. पाण्याला माझी हरकत नाही. तेवढ्यावर भागवून लघवीचे कल्चर, म्हणजे लघवीत कोणते जंतू वाढतात ते पाहणारी तपासणी, टाळण्याला आहे. या काळात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळ्या) सैलावतात, वाढते गर्भाशय बहुधा उजव्या मूत्रवाहिनीवर अधिक दाब देते आणि तुंबलेल्या लघवीतून जंतूंना किडनी गाठणे सोपे जाते. जळजळ नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, म्हणून सुरुवातीच्या तपासण्यांतच कल्चर करून घ्यावे.

माझा खरा राग आहे तो बरे वाटताच गोळ्या थांबवण्यावर. सातव्या महिन्यातील एका रुग्णेने दोन दिवसांत जळजळ थांबली म्हणून उरलेले पाकीट कपाटात ठेवले. पुढे हुडहुडी भरून ताप आला, उजवी कूस ठणकू लागली, उलट्या झाल्या, तरी घरच्यांनी ते पित्तावर ढकलले. अखेर तिला दाखल करून शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज होती. गरोदरपणातील अशी सूज बहुधा प्रसूतीनंतर सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. ती ओसरली की नाही हे पाहण्यासाठी डिस्चार्जच्या कागदावर पुन्हा सोनोग्राफी करण्यास सांगितले होते. बाळाची एकही लस चुकली नाही. आईचा कागद मात्र त्याच लसीकरण कार्डात घडी करून पडून राहिला. बाळ रांगू लागले तेव्हा ती पुन्हा ताप घेऊन आली आणि मूत्रवाहिनीत अडकलेला खडा सापडला. तेव्हापासून गोळ्या संपल्यावर करायच्या कल्चरची तारीख मी चिठ्ठीवर औषधांच्याही वर लिहिते.

जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नयेत; काही प्रतिजैविके पहिल्या तिमाहीत, तर काही प्रसूती जवळ आल्यावर टाळावी लागतात. कल्चरसाठी मधल्या धारेची (सुरुवातीची थोडी सोडून दिल्यानंतरची) लघवी निर्जंतुक डबीत घ्यावी आणि लगेच पोहोचवावी. सकाळी घेतलेली डबी दुपारपर्यंत पर्समध्ये फिरवली, तर अहवालाला अर्थ उरत नाही.

प्रसूतीनंतर सहा तासांत लघवी झाली नाही, तर संकोच न करता परिचारिकेला सांगावे, कारण ताणलेले मूत्राशय पुढे नीट रिकामे होत नाही. खोकताना लघवी सुटणे ‘बाळंतपणानंतर व्हायचेच’ म्हणून सोसू नये. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घेऊन किमान तीन महिने रोज करावेत. आठवड्यात फरक नाही म्हणून ते सोडणाऱ्यांशी वाद घालणे मी आता बंद केले आहे.