परसातल्या हौदात कमळ, लिली लावताय? या चुका टाळा

घरामागं छोटा हौद करून त्यात कमळ लावायची हौस आता लातूर, परभणी, संभाजीनगर सगळीकडं वाढायलीय, लै चांगली गोष्ट आहे, पण कितीतरी हौद पहिल्याच उन्हाळ्यात खराब होतात, कारण आपण रोप बघून घेतो आणि आपलं पाणी कसं आहे ते बघतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उन्हाळाभर बोरचं पाणी वरून ओतत राहणं. मे महिन्यात आपल्याकडं दिवसाला सेंटीमीटरभर पाणी आरामात उडतं, म्हणजे सहा बाय चार फुटांच्या हौदातून रोज वीस-बावीस लिटर गेलं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार हौदातच राहतात आणि वर आपण परत क्षाराचंच पाणी भरतो. मग पानांच्या कडा करपतात, काठावर पांढरा थर चढतो, आणि लोकांना वाटतं खत कमी पडलं म्हणून अजून खत टाकतात. तसं करू नका. महिन्यातून एकदा पाव हौद पाणी काढून नारळाला घाला आणि मग ताजं भरा. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी हौदात वळवता आलं तर सोन्याहून पिवळं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. आणि सिमेंटचा हौद नवा असेल तर दोन-तीनदा भरून रिकामा करा, चुना उतरल्याशिवाय त्यात ना झाड सोडा ना मासे.

माती. नर्सरीतलं कोकोपीटवालं मिक्स पाण्यात टाकलं की सगळं वर तरंगतं. इथं आपली काळी मातीच कामाला येते. बिनभोकाचं पसरट टब घ्या, तळाला पूर्ण कुजलेलं शेणखत मूठ-दोन मूठ, वर काळी माती, त्यावर धुतलेल्या वाळूचा इंचभर थर. कच्चं शेण घातलं तर पाण्याला वास सुटतो, शेवाळही फुटतं. लिलीचा कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, तो गाडला की कुजतो. टब एकदम खोल सोडू नका, खाली विटा ठेवा आणि पानं वर येतील तसतशी एकेक वीट काढा. कारंजं लिलीच्या डोक्यावर नको, पानावर सतत पाणी उडालेलं तिला सोसत नाही.

पाणी हिरवं झालं की घाबरून सगळं उपसणारे लै जण आहेत. नव्या पाण्यात शेवाळ परत पहिल्यापासून सुरू होतं, त्यापेक्षा दम धरा, लिलीची पानं निम्म्याच्या वर पाणी झाकायला लागली की ऊन कमी पोचतं आणि पाणी आपोआप निवळतं. शेतात फवारतात ते मोरचूद (कॉपर सल्फेट) तर हौदात टाकूच नका, मासे मरतात, आणि शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. डासांसाठी गप्पी मासे सोडा, बऱ्याच ठिकाणी आरोग्य विभागाकडं ते फुकट मिळतात.

फुकट मिळते म्हणून जलपर्णी आणू नका. नांदेडला गोदावरीत तिनं काय केलंय ते बघा. आणलीच असेल तर वाढलेली नाल्यात न फेकता उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये घाला. काठाला वेखंड, ब्राह्मी, कर्दळ लावा, दिसायला पण भारी.

आता कमळ. ऑनलाइन निळ्या कमळाचं बी विकतात, खरं कमळ निळं नसतंच, निळी असते ती लिली. बियापेक्षा कंद घ्या, आणि लावताना त्याचं टोक मोडू देऊ नका, तेच फुटतं. थंडीत डिसेंबर-जानेवारीत पानं वाळून टब रिकामं दिसायला लागलं की झाड मेलं म्हणून लोक टब उकिरड्यावर रिकामं करतात, अहो, कंद खाली जिवंत असतो. माती कोरडी पडू देऊ नका, फेब्रुवारीत उघडून बघा, कंद कडक लागला तर नव्या मातीत लावा, पिचपिचीत झाला असेल तरच टाका.