रात्री दोनचं क्लोन अडतं तेव्हा: एसएसएचच्या टोपणनावाचा शोध

जालन्याच्या नव्या मोंढ्यातल्या अडत दुकानांसाठी मी काट्याचं आणि पावतीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. दोन्हींच्या रिपॉझिटरी (कोड साठवायच्या जागा) गिटहब या संकेतस्थळावर वेगवेगळ्या आहेत. गिटहब एकच डिप्लॉय की (एकाच रिपॉझिटरीत शिरू देणारी एसएसएचची किल्ली) दोन रिपॉझिटरींना लावू देत नाही. म्हणून किल्ल्या दोन, आणि एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्रॅम) याच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये टोपणनावंही दोन: काटा-गिट आणि पावती-गिट. दोन्हींखाली होस्टनेम गिटहब डॉट कॉम, युजर गिट, आयडेंटिटीफाइल मात्र ज्याची त्याला.

हातानं क्लोन केलं, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवली, तर चालायचं. रात्री दोनला क्रॉननं (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) केलं की लॉगमध्ये 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम काटा-गिट'. सोयाबीनची आवक ऐन भरात, गाड्यांची रांग लागलेली, अन् दुकानावर जुनीच आवृत्ती. तीन रात्री मी नेट आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासण्यात घालवल्या.

टोपणनाव डीएनएसमध्ये नसतंच. ते फक्त एसएसएचला कळतं, आणि तेही कमांड ज्या युजरच्या नावानं चालते त्याच्या घरातल्या कॉन्फिगमधून. माझं क्रॉन रूटचं, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरचं होतं, कॉन्फिग माझ्या घरात (माझ्या होम फोल्डरमध्ये). म्हणून आधी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'हू अॅम आय' ची कमांड टाका आणि लॉगमध्ये कोणाचं नाव येतं ते बघा. सुडो (रूटच्या हक्कानं कमांड चालवणं) लावलं तरी घर बदलतं. होम व्हेरिएबल बदलून भागत नाही, कारण ओपनएसएसएच घराचा पत्ता युजरच्या नोंदीतून घेतं. मी क्रॉनच माझ्या युजरखाली आणलं. तुम्हाला ते जमण्यासारखं नसेल तर एसएसएचला कॅपिटल एफ लावून कॉन्फिगचा पूर्ण पत्ता द्या. मग आतल्या कीचा पत्ताही पूर्णच लिहा.

त्यानंतर त्याच युजरनं एसएसएचला कॅपिटल जी लावून टोपणनाव द्यायचं. जोडणी न करता सगळ्या सेटिंग छापून येतात. होस्टनेमपुढं गिटहब डॉट कॉम दिसायला हवं. टोपणनावच परत दिसलं तर कॉन्फिग वाचली गेली नाही किंवा स्पेलिंग चुकलंय.

'रिपॉझिटरी नॉट फाउंड' आलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा भलतीच की पुढं गेलेली असते: एजंटनं (किल्ल्या हाताशी ठेवणारा एसएसएचचा प्रोग्रॅम) पावतीची की आधी दाखवली, गिटहबनं ती मान्य केली, अन् त्या कीला काट्याची रिपॉझिटरी दिसत नाही. दोन्ही टोपणनावांखाली 'आयडेंटिटीजओन्ली येस' लिहा, म्हणजे तिथं नेमलेलीच की पुढं जाते. मग एसएसएचला कॅपिटल टी लावून जोडून बघा. डिप्लॉय की असेल तर 'हाय' च्या पुढं रिपॉझिटरीचंच नाव येतं, त्यावरून कोणती की गेली ते लगेच कळतं. ही तपासणी यशस्वी झाली तरी एक्झिट कोड 1, म्हणजे अपयशाचा कोड येतो, म्हणून 'सेट -ई' (अपयश येताच थांबा) असलेल्या स्क्रिप्टमध्ये ती ठेवू नका.

नव्या मशीनवर 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' येतं, कारण क्रॉनपाशी 'येस' म्हणायला कोणी नसतं. गिटहबनं जाहीर केलेल्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) नोन-होस्ट्स, म्हणजे ओळखीच्या सर्व्हरच्या फाइलमध्ये आधीच टाकून ठेवा. 24 मार्च 2023 ला त्यांनी त्यातली आरएसए प्रकारची की बदलली होती. त्याआधीची नोंद असेल तर काढा. होस्ट कीची तपासणीच बंद करायचा सोपा मार्ग घेऊ नका, त्या सर्व्हरवर शेतकऱ्यांच्या वजनाचे आकडे आहेत.

कीच्या फाइलची परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी. आणि सबमॉड्यूल (रिपॉझिटरीत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरी) असतील तर डॉट-गिटमॉड्यूल्स उघडून बघा. तिथं मूळ गिटहबचा पत्ता असतो, टोपणनाव नाही; गिटच्या 'इन्स्टेड ऑफ' सेटिंगनं तो वळवावा लागतो.